रिमाइंडर वाजलाच नाही!

ज्या घराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं, त्या घरातली तारीख सहसा हरवत नाही. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरांनी त्यावर काय काय लिहून ठेवलं नाही! दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, धाकट्याची सहामाही, कुणाची मुंज, कुणाचं केळवण. त्या चौकोनात एकदा पेनानं लिहिलं की लिहिलं. रात्रीतून ते कुणी पुसत नाही आणि आपल्या वतीने कुणी त्यावर काटही मारत नाही.

आपल्या ऑफिसचं कॅलेंडर हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. १९९७ च्या जानेवारीत आउटलुकची पहिली आवृत्ती आली आणि मेल आणि कॅलेंडर एकाच खिडकीत येऊन बसले. २००६ च्या एप्रिलमध्ये गूगल कॅलेंडर आलं. आज आपल्यापैकी कितीतरी जणांचा अख्खा दिवस त्या निळ्या-हिरव्या ठोकळ्यांवर चालतो. ठोकळा दिसला की उठायचं, लॅपटॉप उचलायचा, मीटिंग रूम गाठायची. ठोकळा नसेल तर? तर मीटिंगच नाही! इतका साधा हिशोब. आणि म्हणूनच एखादा ठोकळा गायब झाला की आपण कॅलेंडरवर नाही, स्वतःवर शंका घ्यायला लागतो.

हे मला कळलं ते माझ्या एका मैत्रिणीमुळे. ती हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आहे, बाणेरला राहते. कॉलेजपासून आमच्या ग्रुपचं हे चालतं-बोलतं प्लॅनर! कुणाचा वाढदिवस, कुठली ट्रेन, कुणी कुणाला किती पैसे द्यायचेत, सगळं हिच्या डोक्यात. गोव्याच्या ट्रिपचे हिशोब तिनं अजून पाठ म्हणून दाखवले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

तर ही बाई मॅटर्निटी लीव्हवर गेली. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, तेवढी पूर्ण रजा घेऊन ती पुन्हा रुजू झाली. आणि पहिल्याच महिन्यात तिच्या पाच मीटिंग्ज चुकल्या.

पाच! जिची आयुष्यात एक एसटी चुकली नाही तिच्या.

बदाम, बी-ट्वेल्व्ह आणि डुलकी

पहिली मीटिंग चुकली तेव्हा ऑफिसात सगळे गोड हसले. ‘होतं गं, रात्री झोप होत नसेल.’ दुसरी चुकली तेव्हा शेजारच्या डेस्कवरून ‘मॉम ब्रेन’ असा शब्द आला. तिसरी क्लायंट डेमोची होती, तेव्हा कुणी हसलं नाही. चौथी एका इंटरव्ह्यूच्या पॅनेलची. समोरचा उमेदवार पंचवीस मिनिटं बसून होता म्हणे. पाचवी तर खुद्द मॅनेजरबरोबरची, विषय नुसता ‘डिस्कशन’. तिचा वर्षाचा अर्धा रिव्ह्यू त्यात व्हायचा होता.

घरीही उपाय सुरू झाले. सासूबाई रोज सकाळी भिजवलेले बदाम पुढे ठेवायला लागल्या. आई फोनवर म्हणाली, ‘अगं, एवढ्यात कशाला गेलीस कामावर?’ नवरा बिचारा समजूतदार, पण त्यानंही फ्रिजवर पिवळी चिठ्ठी लावली, ‘आजच्या मीटिंग्ज बघितल्यास का?’ ती सांगत होती, सगळ्यात जास्त ती चिठ्ठी लागली.

शेवटी ती डॉक्टरकडे गेली. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह सगळं तपासून झालं. रिपोर्ट नॉर्मल. आणि गंमत म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ती जास्त घाबरली. शरीरात काही कमी नाही, म्हणजे मग डोक्यातच काहीतरी गडबड आहे!

एका रविवारी तिचा फोन आला. आवाज अगदी खाली. ‘ऐक ना, मी नोकरी सोडू का गं? मला जमत नाहीये बहुतेक.’

मी बाणेरला गेले. मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, मास कॉम केलेली मुलगी. पण आम्हाला पहिल्या वर्षी एक गोष्ट घोटून घेतलेली असते : कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं. बातमी लिहायच्या आधी एवढं तरी विचारायचं. मी म्हटलं, आधी यादी कर. काय चुकलं, कुणी बोलावलं होतं, कधी बोलावलं होतं. बाळ मांडीवर, एका हातात खुळखुळा, दुसऱ्या हाताने ती लिहीत होती.

तपास सुरू

यादी झाल्यावर पहिली गोष्ट दिसली. तिनं स्वतः टाकलेली एकही नोंद हरवली नव्हती. बाळाच्या लशीची तारीख जागेवर, बँकेचं काम जागेवर, रोजचा सकाळचा स्टँडअपही जागेवर. हरवली होती ती दुसऱ्यांनी पाठवलेली नवी निमंत्रणं.

दुसरी गोष्ट. तिनं लॅपटॉप उघडून मला तिचं कॅलेंडर दाखवलं. मी विचारलं, ‘इतकं रिकामं कसं काय गं?’ ती म्हणाली, ‘मला वाटलं, हळूहळू काम देतायत.’

मग ब्राउझरमध्ये तेच कॅलेंडर उघडलं. तिथंही रिकामं. फोनवरही रिकामं. म्हणजे लॅपटॉपचा दोष नाही. डिलिटेड आयटम्समध्ये बघितलं, तिथं या पाचांपैकी काहीच सापडलं नाही. म्हणजे तिच्या हातून डिलीट झालं असावं असंही वाटेना. हेल्पडेस्कला तिनं एकदा तक्रार केली होती, तर ‘कॅलेंडर व्यवस्थित सुरू आहे’ असं लिहून तिकीट बंद! बरोबरच होतं म्हणा त्यांचं. कॅलेंडर व्यवस्थितच सुरू होतं, फक्त निमंत्रणं तिच्यापर्यंत येत नव्हती.

आता उरला एकच प्रश्न, जो कुणीच विचारला नव्हता. ज्यांनी बोलावलं, त्यांच्याकडे काय दिसतं? मीटिंग बोलावणाऱ्याला त्या मीटिंगमध्ये ट्रॅकिंग दिसतं, कोण येतो म्हणाला, कोण नाही म्हणाला, कुणी उत्तरच दिलं नाही. तिनं टीम लीडला मेसेज टाकला. मंगळवारच्या क्लायंट रिव्ह्यूला माझं उत्तर काय आहे, बघशील का जरा?

दहा मिनिटांत त्याचा फोटो आला. तिच्या नावापुढे : डिक्लाइन्ड. आणि सोबत जुना मेल. तिनं तारीख बघितली आणि एकदम ओरडलीच, ‘त्या दिवशी तर मी लेबर रूममध्ये होते!’

बाळ दचकून रडायला लागलं. आम्ही दोघी मात्र हसत सुटलो. सहा महिन्यांत ती अशी हसलेली मी बघितली नव्हती.

आपल्या वतीने कुणीतरी

त्या मेलवर बारीक अक्षरात ‘ऑन बिहाफ ऑफ’ असं लिहिलेलं होतं. तिच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलं होतं.

मग सगळं आठवलं. रजेच्या आधी डॉक्टरांनी अचानक बेड रेस्ट सांगितली होती. हँडओव्हर घाईघाईत झाला. तेव्हा हेल्पडेस्कने फोनवरून तिचं सेटिंग करून दिलं, टीममधला एक सहकारी तिचा ‘डेलिगेट’. म्हणजे तिच्या कॅलेंडरचा मुखत्यार म्हणा! आउटलुकमध्ये त्या सेटिंगला खाली तीन पर्याय असतात. निमंत्रणं फक्त डेलिगेटकडे पाठवायची, की डेलिगेटकडे पाठवून आपल्यालाही एक प्रत द्यायची, की दोघांनाही पाठवायची. तिच्या बाबतीत पहिला पर्याय निवडलेला होता. रजेवर असलेल्या माणसाला मेल कशाला, हा त्यामागचा सरळ विचार.

रजेत टीम लीडने मंगळवारच्या रिव्ह्यूची वेळ बदलली. वेळ बदलली की सगळ्यांना पुन्हा विचारणा जाते. सहकाऱ्याने ‘ती रजेवर आहे’ म्हणून नकार दिला. तो नकार एका मंगळवारचा नव्हता, पूर्ण मालिकेचा होता. मालिकेला नाही म्हटलं की पुढचे सगळे मंगळवार कॅलेंडरवरून उतरतात.

ती परत आली, सेटिंग तसंच राहिलं. दरम्यान तो सहकारी दुसऱ्या टीममध्ये गेला होता. तिची निमंत्रणं त्याच्याकडेच जात राहिली. त्याला वाटलं, जुन्या टीमचे मेल आपल्याला चुकून येतायत. म्हणून तो इमानदारीत प्रत्येकाला डिक्लाइन करत गेला. त्याच्या हिशोबाने तो स्वतःला त्या मीटिंगमधून काढत होता. प्रत्यक्षात प्रत्येक नकार तिच्या नावाने जात होता.

सोमवारी त्याला कळलं तेव्हा तो इतका ओशाळला की कँटीनमध्ये तिच्यासाठी स्वतः चहा घेऊन आला. त्याचा काय दोष? सेटिंग काढायला दोन मिनिटं लागली. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेलिगेट अ‍ॅक्सेस, नाव निवडा, रिमूव्ह. त्याच दुपारी तिच्या इनबॉक्समध्ये चार निमंत्रणं येऊन पडली. तिनं मला स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘लोकांना मी हवीये!’

आणि तो रिव्ह्यू?

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मधल्या काळात तिच्या फाइलमध्ये एक वाक्य लिहून झालं होतं, ‘महत्त्वाच्या मीटिंग्जना अनुपस्थित.’ मॅनेजरला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘अरे, एवढंच होतं होय!’ आणि हसला. तिनं विचारलं, ‘सर, तुमच्या मीटिंगला माझा नकार आला, तेव्हा तुम्ही मला विचारलं का नाही?’ तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘मला वाटलं, तुला वेळ हवाय.’

मला वाटतं, सगळी मेख या वाक्यात आहे. कुणी वाईट नव्हतं. टीम लीड, मॅनेजर, सासूबाई, नवरा, सगळे आपापल्या परीने तिची काळजीच घेत होते. पण प्रत्येकाकडे उत्तर आधीच तयार होतं : बाळंतीण आहे, विसरत असेल. उत्तर तयार असलं की प्रश्न कोण विचारतो? त्याच महिन्यात तिच्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलाच्या दोन मीटिंग्ज दिसेनाशा झाल्या, तर हेल्पडेस्कने त्याचा लॅपटॉप बदलून दिला! पुढे कळलं की दोन्ही मीटिंग्ज शनिवारच्या होत्या आणि पठ्ठ्याचं कॅलेंडर फक्त सोमवार ते शुक्रवार दाखवत होतं. त्याच्या मेंदूबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

माझ्या मैत्रिणीने एक गोष्ट पक्की केली. तोंडी ‘सॉरी’वर ती थांबली नाही. पाचही मीटिंग्ज, पाचही नकारांच्या तारखा आणि ते सेटिंग, सगळं एका मेलमध्ये मुद्देसूद लिहून तिनं मॅनेजर आणि एचआरला पाठवलं आणि ते वाक्य काढून टाकायला सांगितलं. दोन आठवडे लागले, पण निघालं. लेबर रूमची तारीख असलेल्या पुराव्यापुढे कोण काय बोलणार!

तुमची मीटिंग हरवली तर

तर मंडळी, तुमच्या बाबतीत असं झालं तर बदाम जरूर खा, पण त्याआधी हा क्रम लक्षात ठेवा.

सर्वात आधी तेच कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडा. तिथं मीटिंग दिसली तर ती हरवलेली नाही, फक्त तुमच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर दिसत नाही. अर्धा जीव तिथंच भांड्यात पडतो.

मग व्ह्यू बघा. ‘वर्क वीक’ हा व्ह्यू मूळ सेटिंगनुसार पाचच दिवस दाखवतो, तेव्हा शनिवारी ऑफिस असणाऱ्यांनी महिन्याचा व्ह्यू लावून बघावा. क्लासिक आउटलुकमध्ये व्ह्यूला चुकून एखादा फिल्टर लागला असेल तर ‘रिसेट व्ह्यू’ दाबलं की तो निघतो. तसंच डावीकडे कॅलेंडरांची यादी असते, तिथं तुमच्या कॅलेंडरसमोरची टिकमार्क निघालेली नाही ना, तेही पाहा. दोन मेल अकाउंट असतील तर नोंद भलत्याच कॅलेंडरात गेलेली असू शकते. घरच्या कॅलेंडरात बॉसची मीटिंग आणि ऑफिसच्या कॅलेंडरात ‘गव्हाचं दळण आणणे’!

निमंत्रणाचा मेल इनबॉक्समध्ये सापडत नसेल तर घाबरू नका. आउटलुकमध्ये उत्तर दिल्यावर तो मेल आपोआप डिलिटेड आयटम्समध्ये जातो, ही तिथली नेहमीची पद्धत आहे. खूप जुन्या नोंदी दिसत नसतील आणि क्लासिक आउटलुकचं ऑटोआर्काइव्ह चालू असेल, तर त्या आर्काइव्ह फाइलमध्ये गेलेल्या असतील. कॅलेंडरसाठी तिथली ठरलेली मुदत सहा महिन्यांची असते.

खरोखरच डिलीट झालं असेल तर हातपाय लवकर हलवा. गूगल कॅलेंडरची कचरापेटी ३० दिवस सगळं सांभाळते. ऑफिसचं कॅलेंडर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर असेल तर डिलिटेड आयटम्समधूनही काढून टाकलेली गोष्ट परत मिळवायला साधारण १४ दिवस असतात, कंपनीने ठरवलं तर ३० पर्यंत. ‘बघू नंतर’ म्हणत महिना घालवलात तर हेल्पडेस्कवाले तरी काय करणार?

मीटिंग दिसतेय पण एक तास पुढेमागे झालीय? मग ती घड्याळाची करामत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूयॉर्कची सकाळी ८ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ६.३० ला असते, उन्हाळ्यात ५.३० ला. युरोपवाले घड्याळ बदलतात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कचा नेहमीचा हिशोबही जुळत नाही. २००७ मध्ये अमेरिकेने या तारखा बदलल्या, तेव्हा आधीच टाकून ठेवलेल्या मीटिंग्ज सरकवायला मायक्रोसॉफ्टला खास टूल काढावं लागलं होतं. आपण मात्र ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने. अर्थात आपल्यालाही हसायचा फारसा अधिकार नाही. अख्ख्या देशाने एक वेळ मान्य केल्यावरही या मुंबईनगरीने ३९ मिनिटं मागे चालणारा आपला ‘मुंबई टाइम’ १९५५ च्या सुमारापर्यंत जपला होता!

आणि हे सगळं करून काहीच सापडलं नाही, तर बोलावणाऱ्यालाच विचारा, ‘तुझ्याकडे माझं उत्तर काय दिसतंय?’ हा प्रश्न विचारायला लाज वाटते, मान्य आहे. समोरच्याला वाटेल, हिला एवढंही आठवत नाही. पण पंचवीस मिनिटं ताटकळलेल्या उमेदवारापेक्षा ती लाज परवडली.

रजेवरून परत येणाऱ्यांसाठी तर माझी खास विनंती. मग ती रजा बाळंतपणाची असो, कावीळ झाल्याची असो, नाहीतर लग्नानंतरच्या केरळची. पहिल्या दिवशी पेढे वाटून झाले की कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, तुमच्या वतीने अजून कुणी बोलतंय का. आपण नसताना आपलं काम कुणी सांभाळलं, त्याचे आभार माना आणि मग किल्ल्या परत मागून घ्या.

माझ्या मैत्रिणीने तर आता हे कामच हाती घेतलंय. टीममधलं कुणीही मोठ्या रजेवरून आलं की ती खुर्ची ओढून दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसते आणि सगळ्या सेटिंग्ज तपासते. परवा एक मुलगा पायाचं प्लॅस्टर काढून तीन आठवड्यांनी आला. त्याच्या कॅलेंडरात काहीच बिघडलेलं नव्हतं. तरी जाता जाता ती त्याला म्हणाली, ‘आणि हे बघ, एखादी मीटिंग चुकलीच, तर आधी मला सांग. लगेच डॉक्टरकडे जाऊ नकोस.’